शिमग्याच्या तारा आणि जगाची एक भाषा

जगाला एकच भाषा असावी की नसावी, या विषयावर मी आयुष्यात निदान शंभर वेळा वाद घातला असेन आणि प्रत्येक वेळी मीच जिंकलो. माझा आवाज मोठा, आणि समोरच्याला केव्हा ना केव्हा जेवायला घरी जायचे असे. हरलो एकदाच, तेही वादात नव्हे, कामात. ती हकीकत आमच्या अंकासाठी लिहून द्या, असा संपादकांचा आग्रह आहे. नुकत्याच पेन्शनीत निघालेल्या माणसाला ‘लिहा’ म्हणायचाच अवकाश असतो, तेव्हा लगेच बसलो आहे.

मी तारमास्तर होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पाच-सहा तारघरांत माझी नोकरी झाली. ही हकीकत घडली ते तारघर एका लहानशा बंदरावर होते. गावाचे नाव सांगत नाही, कारण तारेतला मजकूर बाहेर फोडायचा नाही असा आमचा नियम, आणि मी आज तो मोडणार आहे. माणसांची नावेही बदलली आहेत. बाकी सगळे जसे घडले तसे.

तारेचे काम बाहेरच्या माणसाला जादूटोण्यासारखे वाटते. तसे त्यात काही नाही. मेजावर एक पितळी किल्ली असते. ती दाबली की तारेत वीज जाते, सोडली की थांबते. थोडे दाबले तर टिंब, जास्त दाबले तर रेघ. टिंबा-रेघांच्या ठरलेल्या जुळणीने एकेक इंग्रजी अक्षर होते. पलीकडच्या टोकाला एक यंत्र तशीच कटकट करते आणि तिथला मास्तर ती ऐकून अक्षरे लिहून काढतो. पहिले सहा महिने नुसती कटकट ऐकू येते, पुढे शब्दच ऐकू येऊ लागतात. हातसुद्धा ओळखता येतो. आमच्या पलीकडच्या तारघरातला मास्तर रेघ ओढताना जरा रेंगाळायचा. त्याचे तोंड मी कधी पाहिले नाही, पण सकाळी त्याचे भांडण झाले आहे की नाही, हे मला त्याच्या रेघेवरून सांगता येई.

आता यातली मौज पाहा. आमच्याकडे तार करायला येणार कुणबी माणूस. तो बोलणार त्याच्या बोलीत. मी ते इंग्रजीत करणार, इंग्रजीची टिंबे करणार. मुंबईला टिंबांचे पुन्हा इंग्रजी होणार, आणि चाळीतला कोणी दोन यत्ता शिकलेला गडी ते वाचून पुन्हा बोलीत सांगणार. इतक्या हातांतून गेल्यावर मजकुराचे पार पोतेरे व्हायचे. यावर मी तोड काढली होती. तारेला शब्दागणिक पैसे पडत, गरिबाचा एक शब्द वाचवणे हे मी पुण्यकर्म समजे, म्हणून मी चार वाक्येच ठरवून टाकली. पहिले: ‘मदर सीरियस स्टार्ट ॲट वन्स’. दुसरे बाळंतिणीचे, तिसरे बोटीने सुखरूप पोचल्याचे, चौथे लग्न ठरल्याचे. माणूस दारातून आत येताना चेहरा पाहिला की कितवे वाक्य ते मला कळे. तो अर्धा तास रडून सांगे आणि मी एका ओळीत बसवून देई. वरचे साहेब तपासणीला आले, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी हवेत तरंगायचाच बाकी होतो.

अशात एका मासिकात मी एस्पेरान्तोविषयी वाचले. जगातल्या सगळ्या माणसांनी एकमेकांशी बोलावे म्हणून मुद्दाम बनवलेली भाषा. व्याकरणाचे नियम सोळा, अपवाद एकही नाही. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. मी चार वाक्यांत तालुका चालवत होतो, इथे कोणी सोळा नियमांत पृथ्वी चालवायला निघाले होते. लगेच मुंबईहून पुस्तक मागवले आणि दोन महिन्यांत भाषा शिकलो. बोलायला मात्र कोणी नव्हते. बायकोला शिकवायला गेलो, तर ती म्हणाली, “आहे त्या भाषेत तुम्ही माझं किती ऐकता, ते आधी बघू.”

शाळेतले दामलेमास्तर रोज संध्याकाळी तारघराच्या पायरीवर येऊन बसत. त्यांच्याशी माझा हाच वाद चाले. मी म्हणे, भाषा एक झाली तर लढाया थांबतील. ते म्हणत, भाऊबंदकीतली भांडणे एकाच भाषेत होतात, ती कुठे थांबली? मी म्हणे, दुभाष्यांचा खर्च वाचेल. ते म्हणत, मग मी शाळेत शिकवू काय? मी सांगे, गणित. तेवढ्यात त्यांची जेवणाची वेळ होई आणि मी जिंके.

पुस्तकाच्या शेवटी पत्रव्यवहार करू इच्छिणाऱ्यांची यादी होती. तीत बल्गेरिया देशातला स्तोयान नावाचा माणूस निघाला, आणि तोही तारमास्तर. माझा आनंद काय सांगू. पत्र पोचायला दीड-दोन महिने लागत. तो लिही, “आमच्याकडे बर्फ पडले. मी बरा आहे. जगात शांतता नांदो.” मी उलट लिही, “आमच्याकडे पाऊस पडला. मी बरा आहे. जगात शांतता नांदो.” त्याचे पत्र आले की मी अर्धा बाजार गोळा करून ही तीन वाक्ये मराठीत करून दाखवी. असे तीन वर्षे चालले. स्तोयानला आई आहे की नाही, हे तीन वर्षांत मला कळले नव्हते आणि मी विचारलेही नव्हते.

आता शिमग्याकडे वळतो.

आमच्याकडचे गडी मुंबईच्या गिरण्यांत. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघून घरोघर येते, ती नाचवायला त्यांना गावी यायचेच असते. पण ‘गावची पालखी आहे’ हे कारण गिरणीच्या साहेबाला पटत नसे. त्याला घरचे कोणीतरी मरायला टेकलेले लागे, आणि पुरावा म्हणून तार लागे. त्यामुळे होळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या पंचक्रोशीतल्या सगळ्या आया एकदम अंथरुणाला खिळत. सकाळी तारघर उघडले की बाहेर रांग असे, आणि तिच्यात त्या मरायला टेकलेल्या आया स्वतः पान खात उभ्या असत. एक म्हातारा तर मला म्हणाला, “मास्तर, औंदा माज्या भावाला घाला. माजा नंबर गेल्या साली झाला.” एका गड्याची मावशी मी ओळीने तीन शिमगे आजारी पाडली. चौथ्या साली ती स्वतः आली आणि आता तरी मला बरी करा, गावात लोक हसतात, अशी विनवणी करून गेली.

हे खोटे आहे हे मला ठाऊक होते, गिरणीतल्या जॉबरला, म्हणजे गड्यांवरच्या मुकादमाला, ठाऊक होते, साहेबालाही असावे. मजकुराची शहानिशा करणे हे तारमास्तराचे काम नव्हे, असे म्हणून मी किल्ली दाबत असे. उलट मला अभिमानच वाटे. एक वाक्य, सबंध तालुक्याचे, आणि ज्याचा त्याला अर्थ बरोबर कळतो! फाल्गुनात ‘मदर सीरियस’ आली की चाळीत गडी हसत आणि ट्रंका भरायला लागत. दामलेमास्तरांना मी म्हणे, पाहा, ही जगाच्या भाषेची सुरुवात आहे.

तार वाटायला आमच्याकडे हसनभाई होते. पन्नाशी उलटलेला, काटक, रोज पाचसहा कोस चालणारा माणूस. एरवीच्या दिवसांत तार म्हटली की कोकणात लोक आधी रडतात आणि मग पाकीट फोडतात. हसनभाई दूरच्या वळणावर दिसले की बायका तोंडात पदर कोंबून उभ्या राहत. म्हणून त्यांनी स्वतःचा एक रिवाज घातला होता. तार आनंदाची असली की ते वळणावरूनच उजवा हात वर करीत. हात खाली असला की बायकांनी काय ते समजायचे. मजकूर मी त्यांना सांगत असे, हाही नियमभंगच. पण वळणापासून दारापर्यंतचा तेवढा रस्ता तरी लोकांना सुखाचा जावा, असे हसनभाईंचे म्हणणे होते.

त्या वर्षी होळीच्या आधीच्या मंगळवारी, ऐन गर्दीत, जानकी नावाची एक बाई आली. दीड कोसावरच्या वाडीतली, पंचविशीची. रांग सोडून पुढे आली नाही की कोणाशी बोलली नाही. तिची पाळी आली तेव्हा तिने पदराच्या गाठीतून नवऱ्याच्या मुंबईच्या पत्त्याचा कागद काढला आणि पाठ केल्यासारखा मजकूर सांगितला.

“सासूनं सांगितला तसाच लिवा. माजा आंग बरा नाय. तू येव नको. खाडा करू नको. पालखीचा खांदा औंदा गणूला सांगितला हाय.”

मी किल्लीवरचा हात काढून तिच्याकडे पाहिले. येऊ नको हे सांगायला कोणी तार करते का? ते कार्डावर लिहावे. मी तसे म्हणालो, तेव्हा तिने खालच्या आवाजात समजावले. सासू आठ दिवस पडून आहे, पेजेचे पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. पण गेल्या वर्षी जॉबरने नवऱ्याला बजावले होते की पुन्हा शिमग्याची तार दाखवलीस तर यंत्रावरची जागा गेली म्हणून समज. म्हणून सासू त्याला बोलवायला तयार नाही. नुसते कळवा म्हणते.

“तुला काय वाटतं? त्यानं यावं का?” मी विचारले.

तिने होकारार्थी मान हलवली.

मला तेवढे पुरले. माझ्यातला परोपकारी माणूस उसळून वर आला. येऊ नको हा म्हातारीचा भाबडेपणा, आणि पालखीचा खांदा कोणाला दिला हे तर निव्वळ पाल्हाळ. त्या गरीब बाईच्या गाठीचे पैसे अशा शब्दांवर का घालवायचे? मी कागद ओढला, पहिले वाक्य लिहिले आणि तीन मिनिटांत पाठवून दिले. तिला म्हणालो, “काळजी करू नकोस. उद्याच्या बोटीने नवरा येईल.” ती हात जोडून गेली. त्या दिवशी मी पाठवलेली ती सातवी की आठवी सीरियस आई होती, आणि मीच म्हणत होतो की जो तो अर्थ बरोबर समजतो.

बुधवारच्या बोटीने तिचा नवरा आला नाही. गुरुवारच्याही नाही. मी कामात होतो, माझ्या लक्षातही राहिले नाही. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून त्याची उलट तार आली: ‘नो लीव्ह डोन्ट वरी’. रजा नाही, काळजी करू नका. तिकडेही माझ्यासारखाच एक हुशार मास्तर बसलेला असणार.

शनिवारी उजाडताच हसनभाई ती तार घेऊन वाडीवर गेले. परत आले ते पायरीवरच बसले. माझ्या बायकोने आतल्या बिऱ्हाडातून पाणी पाठवले, ते त्यांनी तसेच बाजूला ठेवले.

“मास्तर, ती म्हातारी खरीच चाललीय,” ते म्हणाले. “तिनं मला एकच विचारलं. खांदा गणूला दिल्याचं तारेत लिहिलं काय.”

मी म्हणालो, त्याचा इथे काय संबंध?

हसनभाईंनी माझ्याकडे असे पाहिले की मी जागचा उठलो. ते चढ्या आवाजात कधी बोलत नसत, तसेच हळू बोलले. त्या घराकडे पालखीच्या पुढच्या दांड्याचा मान आहे. कितीतरी पिढ्यांचा. त्या खांद्यासाठी भावाभावांत डोकी फुटली आहेत. म्हातारीचा नवरा ऐन शिमग्याच्या तोंडावर वारला, तेव्हा मुलाला, धाकूला, मिसरूडही फुटले नव्हते. भाऊबंदांपैकी गणूच्या घरच्यांनी मान मागितला. तिने दिला नाही. धाकूला दांड्याखाली उभे केले आणि पालखी दाराशी येईतो त्याच्या बरोबरीने चालत राहिली.

“ती बाई आपण होऊन खांदा गणूला देते,” हसनभाई म्हणाले, “याचा अर्थ त्या वाडीतल्या कुत्र्यालासुद्धा कळेल. तुम्ही तेवढंच गाळलंत.”

मी या भागात अकरा वर्षे होतो. रत्नागिरी शहरात वाढलेला, वाणी शुद्ध, इंग्रजी उत्तम, वर एस्पेरान्तो. आणि पालखीच्या दांड्याचे महत्त्व मला एका मुसलमान शिपायाने समजावून द्यावे लागले. माझे कान गरम झाले. लाज, राग आणि भीती, सगळे एकदम. रांगेत माणसे उभी होती. त्यांना मी सांगितले की पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही.

रोमन अक्षरांत लिहिली तर मराठीतली तार नियमाने चालत असे. पाठवत मात्र कोणी नव्हते, मीच कोणाला कधी सुचवले नव्हते. मंगळवारी जानकीने जे म्हटले ते मला शब्दन् शब्द आठवत होते. तेवढी एक देणगी या धंद्याने दिली आहे. माजा आंग बरा नाय. तू येव नको. मी अक्षर न् अक्षर तसेच लिहिले, तातडीचा शेरा मारला आणि किल्ली दाबायला लागलो.

निम्म्यात पलीकडच्या मास्तरने मला थांबवले. पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवले. पुन्हा थांबवले. त्याने विचारले, लाइन बिघडली आहे की तुमचे डोके? मी कळवले, दोन्ही शाबूत. त्याने विचारले, मग ही सांकेतिक तार आहे का? मी कळवले, मराठी आहे, जशी आहे तशी पुढे जाऊ द्या, एक अक्षर सुधारू नका. मग त्याची ती रेंगाळणारी रेघ आली: पाठवतो. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतक्या जोराने किल्ली दाबलेली नाही. मनगट दोन दिवस दुखत होते.

दुसरा दिवस रविवार. तारघर सकाळीच बंद केले आणि दुपारपासून धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. हसनभाईही आले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. आगबोट आमच्याकडे खोल पाण्यात उभी राहते आणि उतारू पडावातून किनाऱ्याला येतात. तिसऱ्या प्रहरी भोंगा झाला. पहिला पडाव आला: ट्रंका, पिशव्या, नव्या टोप्या, शिमग्याचा आरडाओरडा. माझ्या तारांनी आणलेली माणसे ती, आणि त्यांच्यात धाकू नव्हता. दुसऱ्या पडावातही नव्हता. हसनभाई वाळूकडे बघत उभे होते. तिसरा पडाव अर्ध्यावर असतानाच त्यांनी माझा दंड धरला.

पडावाच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, एक माणूस उभा होता. हातात ट्रंक नाही, पिशवी नाही. अंगात गिरणीतले कपडे आणि केसांत अजून कापसाचे तंतू. पडाव टेकायच्या आधीच तो गुडघाभर पाण्यात उतरला.

वाडीचा दीड कोस आम्ही जवळजवळ धावतच काढला. मी शरीराने बेताचा, माझ्या छातीचा भाता झाला होता. धाकू वाटेत तुटक तुटक सांगत होता. मंगळवारी त्यांच्या खोलीत तीन आया आणि एक बाप सीरियस झाले होते. ते सगळे हसले. त्याला वाटले, जानकीने हौसेने तार केली. शनिवारी दुसरी तार आली, तेव्हा तो पाळीवर होता. खोलीतल्या शिकलेल्या गड्याने ती इंग्रजी समजून वाचायला घेतली, त्याला काही उमगेना. तो नुसता अक्षरे लावत मोठ्याने वाचत गेला आणि भोवती जेवायला बसलेल्यांना सगळे उमगले. गणूच्या नावापाशी एकाने हातातला घास खाली ठेवला, आणि दुसरा तसाच उठून गिरणीच्या दाराशी गेला. धाकूने रजा मागितलीच नाही. यंत्र चालू सोडून तो थेट बंदरावर आला आणि बोट सुटेपर्यंत तिथेच बसून राहिला.

वाडीच्या वळणावर हसनभाई एकदम आमच्या पुढे गेले. अंगणात जानकी पाण्याची कळशी घेऊन उभी होती. त्यांनी उजवा हात वर केला. तिने कळशी खाली ठेवली, कुठे ठेवली ते तिला कळले नसावे, कारण ती कलंडली आणि अंगणभर पाणी झाले.

म्हातारी ओटीवर घोंगडीवर पडली होती. मूठभर राहिली होती. धाकू उंबऱ्यापाशी थबकला. तिने डोळे उघडले, त्याला नीट पाहून घेतले आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“येव नको म्हटला व्हता ना तुला?”

“म्हनून तर आलो,” धाकू म्हणाला.

मी अंगणात उभा होतो. मला रडू आले. ते मी तेव्हा धावल्यामुळे आलेल्या खोकल्यात लपवले, आज लपवत नाही.

थोड्या वेळाने मी तिच्यापाशी जाऊन बसलो आणि सांगून टाकले की पहिल्या वेळी मी तिचे शब्द गाळले, म्हणून चार दिवस गेले. ती रागावेल असे वाटले होते. तिने माझ्याकडे जरा कीव केल्यासारखे पाहिले. “तुमी शिकलेली मानसा,” ती म्हणाली. “तुमाला कमी लिवायची सवय.” आणि मग धाकूकडे वळून, “गणूला जाऊन सांग, खांदा परत दे म्हनावं.”

पालखी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी त्यांच्या दाराशी आली. पुढच्या दांड्याखाली धाकू होता. म्हातारीला दोघांनी धरून ओटीच्या कडेला बसवले होते. जानकीने देवीची ओटी भरली आणि म्हातारीने बराच वेळ दांड्यावरून हात फिरवला. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. धाकूची जागा गेलीच. पावसाळ्यानंतर तो दुसऱ्या गिरणीत लागला.

त्या दिवसापासून माझी चार वाक्ये मी बंद केली. माणूस सांगेल ते ऐकायचे, त्याला हवे तर मराठीतच पाठवायचे. रांग लांबली. साहेबांनी पुढच्या तपासणीला पाठीवर थाप मारली नाही. दामलेमास्तर मात्र खूश झाले. पायरीवर बसून त्यांनी विचारले, “काय तारमास्तर, जगाची एक भाषा गेली ना वाऱ्यावर?”

मी म्हणालो, मुळीच नाही. दोष इंग्रजीचा नव्हता. तिचे सगळे शब्द मी इंग्रजीत घातले असते, तरी धाकू आला असता. जगाला एक भाषा जरूर असावी, फक्त ती माझ्यासारख्याच्या हाती देऊ नये, तो तिची चार वाक्ये करून ठेवतो. दामले म्हणाले, अशी माणसे सगळ्या जगात असणार, मग भाषा द्यायची कोणाच्या हाती? आम्ही इतके भांडलो की त्या दिवशी त्यांची जेवणाची वेळ टळली. कोण जिंकले ते मला अजून सांगता येत नाही.

मग मी स्तोयानला पत्र लिहायला घेतले. पाऊस पडला, मी बरा आहे, इथपर्यंत आलो आणि पेन थांबले. तो तारमास्तर, मी तारमास्तर, आणि तीन वर्षांत आम्ही एकमेकांना तारेची एक गोष्ट सांगितली नव्हती. मी कागद फाडला. शिमगा म्हणजे काय, पालखी म्हणजे काय, खोट्या आजारी आया, खांद्याचा मान, सगळे लिहीत सुटलो. सोळा नियमांची पार दमछाक झाली. म्हातारीचा निरोप त्या भाषेत करायला मला तीन दिवस लागले. शेवटी मूळ शब्द रोमन अक्षरांत वर लिहिले, खाली त्यांचा अर्थ लिहिला, आणि तू असतास तर ही तार कशी पाठवली असतीस असे विचारले. टपाल निघायच्या घाईत पुढे काय झाले ते लिहायचे राहूनच गेले.

चार महिन्यांनी उत्तर आले. नेहमीचे एका पानाचे नव्हते, सात पाने होती. त्यांच्याकडे कापणीच्या दिवसांत पलटणीतल्या सगळ्या पोरांच्या आज्या तारेने मरतात, असे त्याने लिहिले होते, आणि तोही त्यांना मारायला एकच वाक्य वापरतो. मी आनंदाने खुर्चीवरून उठलो आणि हसनभाईंना हाका मारल्या. मग पुढे वाचले.

“माझी आई माझ्यापाशी असते. तिला लिहिता-वाचता येत नाही. तुझे पत्र मी तिला आमच्या भाषेत करून सांगितले. तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी विचार करून पुढच्या वेळी लिहीन. आईला ते ऐकायचे नाही. ती म्हणते, तो वेळेवर पोचला का, ते आधी विचार.”

निरोपात ‘येव नको’ असूनही, तो येईल का, असे त्या माउलीने विचारले नव्हते.

मी त्याच बैठकीला कागद घेतला. पावसाचे लिहिले नाही, बरा असल्याचे लिहिले नाही. “पोचला,” असे लिहिले, “पण चार दिवस उशिरा, आणि तो उशीर माझ्यामुळे झाला.” जगाच्या त्या भाषेत मी लिहिलेले पहिले खरे वाक्य ते.